आईला फुरशाचं चित्र नको होतं

आमच्या गावात दिवेलागणीनंतर सापाचं नाव घेत नाहीत. 'जनावर' म्हणतात, 'लांबडं' म्हणतात, 'किरडू' म्हणतात. "पडवीत जनावर निघालं" एवढं म्हटलं की ऐकणाऱ्याला सगळं कळतं, पण ते जनावर बोलण्यातून अंगावर येत नाही. लहानपणी मला हा अडाणीपणा वाटायचा. नाव घेतल्याने साप येतो का, असं मी आजीला एकदा विचारलंही होतं. ती म्हणाली, "येत नाही गो. पण अंधारात झोपायचंय ना माणसांना."

1996 सालच्या मे महिन्याच्या शेवटी माझ्या आईला फुरसं चावलं. पावसाच्या आधी परसातला पातेरा आवरायचं काम चाललं होतं. जांभ्याच्या गडग्याला लागून साचलेला पातेरा तिने हातानेच ओढला आणि उजव्या हाताच्या तर्जनीला काटा टोचावा तसं झालं. फुरसं दिसायला जेमतेम हातभर. अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून ते करवतीसारखं खरखरतं. आईला तो आवाज पातेऱ्याचाच वाटला. संध्याकाळपर्यंत हात कोपरापर्यंत सुजला. चूळ भरली तर पाण्यात रक्त आलं. या विषाने रक्ताची गोठायची ताकदच जाते, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिचं थोडं रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेतलं आणि नळी टेबलावर उभी करून ठेवली. वीस मिनिटं कुणी हात लावायचा नाही, म्हणाले. मी नववीत होते. एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे, एकदा त्या नळीकडे बघत बसले. वीस मिनिटांनी डॉक्टरांनी नळी तिरकी केली आणि आतलं रक्त पाण्यासारखं एका बाजूला वाहिलं. त्यांचा चेहरा बदलला नाही, पण आवाज बदलला. सलाइनमधून सापाची लस सुरू झाली. आई सहाव्या दिवशी घरी आली. ती तर्जनी आजही पुरती वाकत नाही.

तेव्हापासून आई सापाचं छायाचित्र बघू शकत नाही. खरा साप निघाला तर ती शांतपणे लहान मुलांना आत घेते, शेजाऱ्यांना हाक मारते. नागपंचमीला पाटावर गंधाने काढलेला नाग तिला चालतो. तो चार रेघांचा असतो. पण खवले दिसणारं, डोळा दिसणारं छायाचित्र समोर आलं की तिचा श्वास अडकतो. वर्तमानपत्रात असं काही छापून आलं की बाबा ते पान आधीच काढून ठेवत. ते होते तोवर हे काम न सांगता चालू होतं.

गेल्या वर्षी वाडीतल्या एका पोराला चावलं. घरच्यांनी आधी मांत्रिकाकडे नेलं, दोन तास तिथे गेले, मग दवाखाना. पोर वाचलं, पण थोडक्यात. आईने ठरवलं की बचत गटाच्या पुढच्या बैठकीत आपण या विषयावर बोलायचं. मी पुण्याहून गेले होते. ती म्हणाली, "नुसतं दवाखान्यात न्या म्हटलं तर बायका मान डोलावतात आणि घरी जाऊन जे करायचं तेच करतात. ती लस म्हणजे काय, कशापासून करतात, ते मला नीट समजायला हवं. मला वाचायला दे."

मी माझ्या फोनवर एका संदर्भाच्या संकेतस्थळाचं पान उघडून तिच्या हातात दिलं. माझ्या लक्षातच आलं नाही. अशा पानावर सगळ्यात वर, पहिल्या शब्दाच्याही आधी, चित्र असतं. पडदाभर फुरसं होतं ते, आणि फार चांगलं काढलेलं छायाचित्र होतं.

आईने फोन टाकला नाही. तिने तो चौरंगावर उपडा ठेवला, सावकाश, खालून काही निसटू नये अशा बेताने. आणि हात मांडीवर घेऊन ती उजव्या हाताची तर्जनी डाव्या हातात धरून बसली.

थोड्या वेळाने म्हणाली, "ते काढता येतं का समोरनं? बाकीचं वाचायचंय मला."

ते काढता येत नव्हतं. मी बोटाने पान खाली सरकवून दिलं, तर मध्ये आणखी एक चित्र आलं, मग तिसरं. शेवटी आईनेच उपाय काढला. तिने पदराचा काठ फोनच्या वरच्या अर्ध्या भागावर धरला आणि पान खालून वर सरकवत वाचायला लागली. खालून काहीतरी रंगीत वर येतंय असं वाटलं की पदर खाली यायचा. पुन्हा अक्षरं दिसली की वर जायचा. असं तिने तासभर वाचलं. घोड्याला थोडं थोडं विष टोचून त्याच्या रक्तातून लस करतात. आपल्याकडे मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर मिळून एकच असते. मुंबईत परळच्या हाफकिनमध्ये वर्षानुवर्षं ती तयार होत आली आणि त्यासाठी लागणारं बरंचसं विष तमिळनाडूतले इरुला लोक साप पकडून, विष काढून, साप पुन्हा सोडून देऊन पुरवतात. एकेक गोष्ट वाचून ती मला मोठ्याने सांगत होती. तिला ज्ञान नको नव्हतं. तिला सगळं हवं होतं, फक्त ते एक चित्र सोडून.

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात बसलाय. ज्या संदर्भस्थळांवर आज आपण सगळे विसंबून असतो, तिथे वाचणाऱ्याला हवं असेल तर चित्र झाकून ठेवायची साधी सोय का असू नये?

मला या प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूची पक्की जाणीव आहे, कारण मी स्वतः त्या बाजूची आहे. आमच्या शाळेच्या वाचनालयात मानवी शरीरावरचं एक मोठं रंगीत पुस्तक होतं. त्यातली समोरासमोरची दोन पानं डिंक लावून चिकटवलेली होती. कुठली पानं असतील हे सांगायला नको. आम्ही मुली ती खिडकीच्या उजेडाकडे धरायचो. दोन्ही पानांवरची चित्रं एकमेकांत मिसळून दिसायची आणि कशाचंच काही कळायचं नाही. स्वतःच्या शरीराबद्दलचं माझं पहिलं अधिकृत ज्ञान म्हणजे ते दोन चित्रांचं एकमेकांत गेलेलं गाठोडं. पुढे नोकरीला लागल्यावर एकदा मला छातीत गाठ लागली. घरी तेव्हा इंटरनेट नव्हतं. ऑफिस सुटल्यावर, सगळे गेल्यावर, मी संगणकावर तपासणी कशी करायची ते शोधलं, तर लाल पट्टी आली: हे पान आक्षेपार्ह मजकुरामुळे बंद आहे. मला त्या क्षणी भीतीपेक्षा लाज जास्त वाटली, आणि त्या लाजेत चार दिवस गेले. गाठ साधी निघाली. पण ते चार दिवस कुणीतरी माझ्याकडून काढून घेतले होते, आणि कुणी ते मला कधी कळणारही नाही.

त्यामुळे 'फिल्टर' म्हटलं की मला डिंक आठवतो. आणि आता पदरही आठवतो. दोन्हीमध्ये झाकणंच आहे, तरी या दोन गोष्टी एक नाहीत, हे मला इतकं स्पष्ट दिसतं की मी त्याबद्दल मिळेल ते वाचत सुटले. तेव्हा कळलं की विकिपीडियाच्या जगात हा वाद कडाक्याने लढला गेला आहे आणि तो मिटलेला नाही, नुसता थांबला आहे.

2010 च्या वसंतात विकिपीडियाच्या सहसंस्थापकांपैकी एक, लॅरी सँगर, यांनी विकिमीडिया कॉमन्सवरच्या काही लैंगिक चित्रांबद्दल थेट अमेरिकेच्या एफबीआयकडे तक्रार केली. कॉमन्स म्हणजे सगळ्या भाषांतल्या विकिपीडियांचा चित्रांचा सामाईक साठा. मे महिन्यात दुसरे संस्थापक जिमी वेल्स यांनी आपल्या अधिकारात बरीच चित्रं स्वतःच पुसून टाकली. त्यात जुन्या चित्रकारांचं कामही गेलं. जे लोक वर्षानुवर्षं विनामोबदला तो साठा जमवत होते ते खवळले, पुष्कळशी चित्रं परत आणली गेली आणि वेल्स यांनी स्वतःचे बरेचसे खास तांत्रिक अधिकार सोडून दिले. त्यानंतर विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने रॉबर्ट हॅरिस यांच्याकडून या सगळ्या प्रकाराचा अभ्यास करून घेतला आणि मे 2011 मध्ये विश्वस्तांनी ठराव केला: वाचकाला स्वतःपुरती चित्रं झाकता येतील अशी सोय करावी. ठरावात लैंगिक, हिंसक आणि धार्मिक अशा चित्रांचा उल्लेख होता. एक तत्त्वही होतं, की वाचकाला नको तिथे नको तो धक्का बसू नये. हे तत्त्व हवेतून आलं नव्हतं. त्या काळी कॉमन्सवर दात घासायचा ब्रश शोधला तरी भलतंच चित्र वर यायचं, आणि या वादात ते उदाहरण पुन्हा पुन्हा दिलं गेलं.

ऑगस्ट 2011 मध्ये सर्वांचं मत मागवलं गेलं. 24 हजारांच्या आसपास लोकांनी ते दिलं. ही सोय किती महत्त्वाची वाटते ते शून्य ते दहा अशा मोजपट्टीवर सांगायचं होतं. कौल दुभंगलेला आला, कुणी टोकाचे बाजूने, कुणी टोकाचे विरुद्ध, आणि सरासरी मधल्या आकड्याच्या जरा वर. जर्मन विकिपीडियावर वेगळं मतदान झालं, तिथे शेकडा 86 जण विरोधात गेले. वर्षभर वाद चालला आणि जुलै 2012 मध्ये विश्वस्तांनी आपली मागणी मागे घेतली.

विरोधकांचं म्हणणं मी लक्ष देऊन वाचलं आणि त्यातलं बरंचसं मला पटलं. चित्र झाकायचं तर आधी कुणीतरी ठरवायला हवं की हे चित्र झाकण्याजोगं आहे. म्हणजे प्रत्येक चित्राला चिठ्ठी. अमेरिकेतल्या ग्रंथपालांच्या संघटनेने 1951 सालीच पुस्तकांवर अशा चिठ्ठ्या लावायला विरोध केला होता, कारण पुस्तक उघडायच्या आधीच चिठ्ठी वाचणाऱ्याचं मन तयार करते. कॉमन्सवर 2011 मध्येच एक कोटी फायली होत्या, आज दहा कोटींच्या वर आहेत. त्यांना चिठ्ठ्या कोण लावणार, कुठल्या गावच्या रीतीने? एखाद्या समाजात बाईचा उघडा चेहराही झाकण्याजोगा मानतात. तीही एक वर्गवारी करायची का? आणि एकदा चिठ्ठ्या लागल्या की त्या नुसत्या वाचकाच्या कामाच्या राहत नाहीत. शाळा, ऑफिस, सरकार, इंटरनेट पुरवणारी कंपनी, कुणीही त्याच चिठ्ठ्या वापरून सगळं दार बंद करू शकतं.

हे नुसतं भय नव्हतं. डिसेंबर 2008 मध्ये ब्रिटनमध्ये तसं घडून गेलं होतं. इंटरनेट वॉच फाउंडेशन नावाच्या संस्थेने 1976 सालच्या एका रॉक अल्बमच्या वेष्टनाचं चित्र बेकायदा असू शकतं असं ठरवून विकिपीडियावरचं ते पान आपल्या काळ्या यादीत टाकलं. चित्राबरोबर लेखही गेला. ब्रिटनमधल्या बड्या इंटरनेट कंपन्यांनी ती यादी लावल्यामुळे विकिपीडियाला त्यांचे सगळे ग्राहक इंटरनेटच्या मोजक्याच पत्त्यांवरून आल्यासारखे दिसू लागले आणि पुष्कळांना कुठल्याच लेखात बदल करता येईना. चार-पाच दिवसांत संस्थेला ते मागे घ्यावं लागलं. दोर दुसऱ्याच्या हातात असला की काय होतं, ते असं दिसतं.

आपल्याकडे तर ते त्याच्या कितीतरी आधी दिसलं होतं. र. धों. कर्वे 1927 पासून 1953 पर्यंत 'समाजस्वास्थ्य' काढत होते. संततिनियमन आणि लैंगिक आरोग्याचं मासिक, आणि मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. 1934 मधल्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले होते. कर्वे हरले, दंड झाला. मला नेहमी वाटतं, त्या काळी एखाद्या वाड्यातल्या, चाळीतल्या वाचकाने तो अंक घरी आणला असेल तेव्हा वर वर्तमानपत्राचा कागद चढवला असेल. सासूसासरे आहेत, लहान मुलं आहेत, दाराशी शेजारी बसलेत. तो कागद आणि न्यायालयाचा दंड, दोन्ही त्या चित्रावरच पडले. पण कागदामुळे अंक घरात आला, वाचला गेला. दंड झाला तो अंक निघूच नये म्हणून.

आणि इथेच विकिपीडियाच्या त्या वादात दोन्ही बाजू माझ्या आईपासून लांब राहिल्या असं मला वाटतं. लैंगिक, हिंसक, धार्मिक: या तीन खणांतल्या एकाही खणात फुरसं बसत नाही. एका प्राण्याचं ते स्वच्छ, निर्दोष छायाचित्र आहे. जगातली कुठलीही समिती त्याला आक्षेपार्ह म्हणणार नाही आणि म्हणूही नये. तरी माझ्या आईला ते सोसत नाही. माझ्या एका मैत्रिणीच्या मुलाच्या अंगावर उकळतं पाणी सांडलं होतं. तिला भाजलेल्या त्वचेचं चित्र बघवत नाही, पण व्रणांवरच्या उपचारांबद्दल तिने वाचलं नसेल असं काही उरलेलं नाही. ज्याला कोळ्याची भीती वाटते तो त्या भीतीबद्दल वाचायला जातो, तेव्हा तिथेच कोळ्याचा फोटो असावा का, यावरूनही विकिपीडियावर वाद झडले आहेत. प्रत्येकाचं न बघवणारं चित्र वेगळं. ते त्याच्या आयुष्यातून आलेलं असतं, कुणाच्या यादीतून नाही. म्हणून यादी करणं चूक आहे हे मला मान्य आहे. पण यादी चूक आहे म्हणून झाकायची सोयच नको, हे मला मान्य नाही.

"नको तर बघू नका", असं लोक सहज म्हणतात. बघायचं नाही हे कळेपर्यंत बघून झालेलं असतं. मजकुराचं तसं नाही. वाक्य वाचायला वेळ लागतो, मध्येच थांबता येतं. चित्राला मध्य नसतो. 2009 साली हाच मुद्दा वेगळ्याच दारातून आला होता. मानसशास्त्रात रोर्शाक चाचणीसाठी शाईच्या डागांचे दहा तक्ते दाखवून त्यात काय दिसतं ते विचारतात. कॅनडातल्या एका डॉक्टरने ते दहाही विकिपीडियावर टाकले. शंभर वर्षांपूर्वीचे तक्ते, त्यांच्यावर कुणाची मालकी उरली नव्हती, त्यामुळे ते तिथे राहिले. पण मानसशास्त्रज्ञ कळवळून सांगत होते की ज्याची चाचणी पुढे घ्यायची आहे त्याने ते आधी पाहिले की चाचणी गेली. पाहिलेलं परत न पाहिलेलं करता येत नाही. मला वाटतं ते तक्ते तिथे असणं बरोबर आहे. आणि समोर थेट ते येण्याआधी वाचकाला एक क्षण मिळायला हवा, हेही बरोबर आहे. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात कुठे?

प्रेषित मुहम्मद यांच्यावरच्या इंग्रजी लेखात मध्ययुगीन हस्तलिखितांतली चित्रं आहेत. 2008 मध्ये ती काढावीत म्हणून लाखाहून अधिक लोकांनी सह्या केल्या. चित्रं राहिली. सोबत उत्तर दिलं गेलं की ज्यांना बघायची नाहीत त्यांनी आपल्यापुरती ती अशी अशी लपवावीत. त्यासाठी एक मदतीचं पानही आहे. मी ते वाचलं. खातं उघडायचं, स्वतःच्या खात्यात सांकेतिक ओळी लिहायच्या, नाहीतर ब्राउझरला काहीतरी जोडायचं. म्हणजे सोय आहे, तत्त्वाला कुणाची हरकत नाही, फक्त ती हुशार माणसांसाठी आहे. ज्याला संगणकाची लिपी येते त्याने आपलं चित्र झाकावं. माझ्या आईने पदर धरावा. मला याचा राग येतो. जो अधिकार तत्त्वतः मान्य आहे तो एका बटणाइतका सोपा करायला काय हरकत आहे?

आणि ते बटण एके काळी सगळ्यांकडे होतंच की. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट यायचं तेव्हा सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून आम्ही पहिली गोष्ट करायचो ती चित्रं बंद करण्याची. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये एक खूण काढली की झालं. चित्राच्या जागी रिकामा चौकोन यायचा आणि चित्राखालची ओळ दिसायची. हवं असेल तेवढंच चित्र उघडायचं. पुढे साध्या मोबाइलवर ऑपेरा मिनी आला, त्यातही ती सोय होती. आजही विकिपीडियाच्या अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये चित्रं दाखवणं बंद करता येतं, डेटा वाचावा म्हणून. याला कुणी कधी सेन्सॉरशिप म्हटलं नाही. पैसे वाचवायला चित्र बंद केलं तर ती काटकसर, आणि जीव शांत राहावा म्हणून बंद केलं तर ज्ञानावर घाला, असं कसं?

म्हणून मला हवंय ते इतकंच. प्रत्येक पानावर, डोळ्यांना दिसेल असं एक बटण: चित्रं झाकून ठेवा. सगळी चित्रं, निवडक नाहीत. फुरसं आणि आंब्याचं झाड, दोन्ही झाकलेली. कुठलीही चिठ्ठी नाही, कुठलीही वर्गवारी नाही, त्यामुळे उचलून नेऊन कुणाचं दार बंद करावं असं त्यात काही नाही. झाकलेल्या चौकोनावर एक-दोन ओळी, आत काय आहे याच्या. बोट लावलं की ते एकच चित्र उघडेल. आणि खातं न उघडता, भाषा कुठलीही असो. मराठी विकिपीडिया 1 मे 2003 पासून चालू आहे. माझी आई जे वाचणार ते मराठीतच.

याने सगळे प्रश्न सुटणार नाहीत. दहा वर्षांच्या मुलाला भलतं काही दिसू नये, बाकी सगळं दिसावं, असं ज्या आईवडिलांना वाटतं त्यांना ही सोय पुरणार नाही, आणि त्यांची काळजी खोटी नाही. पण ब्रश शोधल्यावर आधी ब्रश दिसावा हे शोधयंत्राने आणि संपादकांनी बघायचं काम आहे. लेखाला जे चित्र लागतं ते ठेवावं, लागत नाही ते ठेवू नये, हीही संपादनातली जबाबदारी आहे. 'आम्ही काही झाकत नाही' एवढं म्हटल्याने ती संपत नाही. ते काम वाचकाच्या बटणावर ढकलू नये, आणि बटण देऊन त्या कामातून सुटकाही करून घेऊ नये.

चौकोनावरच्या त्या दोन ओळींचं मला फार महत्त्व वाटतं. अंध वाचकांसाठी चित्राचं वर्णन लिहायची पद्धत संकेतस्थळांवर आहेच. पडदा वाचून दाखवणारं यंत्र ते वर्णन मोठ्याने म्हणतं. पण ते लिहायला लोक कंटाळतात. 'साप' एवढंच लिहून मोकळे होतात, किंवा काहीच लिहीत नाहीत. ते नीट लिहिणं किती अवघड आणि किती मोलाचं आहे हे मला त्या दिवशी समजलं.

वाचता वाचता आई ओळखीच्या खुणांपर्यंत आली होती. मजकूर तिथे आखडता होता. उरलेलं काम चित्राने करायचं होतं. तिने पदर तसाच धरून फोन माझ्याकडे दिला. "तू बघ नि सांग."

मी सांगायला लागले. लहान आहे, हातभर. अंग खरबरीत. रंग मातकट, वाळक्या पानासारखा.

"वाळक्या पानासारखा नव्हे," आई म्हणाली. तिचे डोळे गडग्याकडे होते. "जांभ्यासारखा. पाऊस पडून गेल्यावर जांभा होतो ना, तसा. तिथे काय दिसतंय?"

मी पुन्हा पाहिलं. उजेड वेगळा होता, पण तिचं बरोबर होतं. बाजूने फिकट नागमोडी रेघ गेली आहे, म्हटलं. डोक्यावर फिकट खूण आहे, बाणासारखी.

"बाणासारखी म्हणजे कशी?"

मी जरा थांबले. मग म्हटलं, चिखलात पक्ष्याचं पाऊल उमटतं तशी.

"हां," आई म्हणाली. तिने बचत गटाची वही ओढली, मागचं कोरं पान काढलं आणि न वाकणारी तर्जनी बाजूला ठेवून, अंगठा आणि मधल्या बोटात पेन धरून लिहायला लागली. मी वरून वाचत होते. रंग भिजल्या जांभ्यासारखा. डोक्यावर पक्ष्याचं पाऊल. लांबी हातभर. आवाज करवतीचा, पण पातेऱ्यातला वाटतो, फसू नये. पातेरा हाताने ओढू नये, काठीने ओढावा.

सगळ्यात वर, मथळ्याच्या जागी, तिने लिहिलं होतं: जनावर.